बूच लावलं की पंधरा दिवसांत काच धुरकटते: बाटलीतल्या जहाजाचं हे दुखणं कसं ओळखायचं

छोटं लाकडी जहाज बाटलीच्या गळ्यातून नीट आत गेलं, डोलकाठ्या उभ्या राहिल्या, दोरे कापले, बूच ठोकलं, वर लाख ओतली. आठवडाभर सगळं लख्ख. मग एका सकाळी पाहावं तर काचेला आतून मोतीबिंदू झालेला. बाहेरून कितीही पुसा, पटल आतच. बाटलीत काही घालण्याचा नाद असलेल्या प्रत्येकाला हा प्रसंग एकदा तरी येतो, आणि वाईट म्हणजे बूच उघडून, पुसून, पुन्हा लावल्यावर तो परत येतो. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा.

परत येतो, कारण आपण डाग पुसतो, डाग कुठून आला ते पाहत नाही. ‘आत दमट हवा राहिली असेल’ एवढं एकच निदान सगळे करतात. धुरकटपणा मात्र एक नसतो. माझ्या हिशेबाने त्याचे पाच प्रकार आहेत: पाण्याचा, तेलाचा, झटपट डिंकाचा, आम्लाचा आणि काचेचाच. दिसायला सारखे, औषध प्रत्येकाचं वेगळं, आणि एकाचं औषध दुसऱ्याला दिलं तर जहाजाचा रंग उतरतो.

माझं पहिलं दोन डोलकाठ्यांचं जहाज मी तिसऱ्या दिवशी सीलबंद केलं होतं. तिसऱ्या! बाटलीत समुद्र म्हणून भरलेली लांबी (खिडकीच्या काचा बसवायला लावतात ती) बोटाने दाबली तर ठसा उमटत होता, पण दाखवायची घाई. पंधरवड्यात ते जहाज दाट धुक्यात शिरलं. मी बूच काढलं, कापूस घातला, पुसलं, पुन्हा लाख लावली. महिन्याभरात धुकं परत. चौथ्या खेपेला लक्षात आलं की बुचावरची लाख तडकली आहे आणि बूच दोनेक मिलिमीटर आत ओढलं गेलंय. खरा धागा तो होता. त्यावर पुढे येतो.

आधी तीन प्रश्न

पुसायच्या आधी बाटली हातात घ्या आणि एवढंच पाहा: पटल कधी आलं, कुठे आलं, आणि उबेने काय होतं.

कधी: काही तासांत किंवा एका रात्रीत आलं असेल तर पाणी किंवा झटपट डिंक. दोन-चार आठवड्यांनी आलं असेल तर तेल. महिन्यांनी, आणि धातूच्या किंवा शिंपल्याच्या तुकड्यांवरही पांढरी भुकटी दिसत असेल तर आम्ल. जहाज आत जाण्याआधीपासूनच होतं, पण ओल्या बाटलीत दिसलं नव्हतं, तर दोष काचेचाच.

कुठे: पाणी त्या वेळी जी बाजू थंड असेल तिथल्या काचेवर जमतं. तेलाचा पापुद्रा समुद्राच्या बरोबर वर, त्याच आकाराचा उमटतो. डिंकाचा पांढरेपणा जिथे डिंक लावला त्याच्या भोवती सर्वांत दाट असतो आणि दूर जाताना विरळ होतो. काचेचा दोष सगळीकडे सारखा, नाहीतर जुन्या द्रवाच्या पातळीला एक रेघ धरून.

ऊब: हेअर ड्रायर अगदी मंद ठेवून, हातभर अंतरावरून, एकाच बाजूला मिनिटभर फिरवा. बाटली हाताला कोमट लागली की पुरे. साध्या काचेला अचानक चाळीसेक अंशांचा फरक झेपेलच असं नाही, आणि जाड बुडाची बाटली पातळ बाटलीपेक्षा लवकर तडकते. पटल तिथून नाहीसं होऊन दुसऱ्या बाजूला गेलं तर ते पाणी. जागचं हललं नाही तर बाकीच्या चारांपैकी एक.

चौथी चाचणी बूच काढल्याच्या पहिल्या सेकंदाला. वास घ्या. व्हिनेगरचा वास, तेलरंगाचा वास, नाकाला झोंबणारा वास, की काहीच नाही? हे एकदाच करता येतं, कारण उघड्या बाटलीतला वास पाच मिनिटांत हरवतो. मी तो वहीत लिहून ठेवतो. हसण्यासारखं आहे, पण निम्मं निदान तिथेच होतं.

पाणी: कोरड्या दिवशी बूच लावून उपयोग का होत नाही

‘हवा कोरडी असेल त्या दिवशी बूच लावा’ हा सल्ला सगळीकडे मिळतो. हिशेब करून पाहू.

पाऊण लिटरची बाटली घ्या. २५ अंश सेल्सियसला एक घनमीटर हवा जास्तीत जास्त २३ ग्रॅमच्या आसपास वाफ धरते. म्हणजे बाटलीतली हवा अगदी ओथंबलेली असली तरी तिच्यात १७ मिलिग्रॅम पाणी. आता जहाजाचं लाकूड. मध्यम आर्द्रतेच्या खोलीत पडलेल्या लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या साधारण १० टक्के पाणी असतं. सगळं मिळून १० ग्रॅम लाकूड आत असेल तर त्यात ९०० मिलिग्रॅम पाणी आहे. हवेत मावेल त्याच्या पन्नास पट. तुम्ही कितीही कोरडी हवा कोंडा, लाकूड काही तासांत ती आपल्यासारखी करून घेणार.

गंमत अशी की लाकूड एरवी आपल्या बाजूने असतं. तापमान सावकाश वरखाली झालं तर ते आर्द्रता सांभाळतं. जास्त झाली की शोषतं, कमी झाली की सोडतं. धुकं येतं ते एकाच बाजूने ऊन आलं की. उन्हाने जहाज तापतं, लाकूड वाफ सोडतं, आणि सावलीतली काच अजून गार असते. वाफ तिथे जाऊन बसते. म्हणून पाण्याच्या धुक्यावर पहिला उपाय फुकटातला: बाटली खिडकीतून उचला. निम्म्या तक्रारी एवढ्यानेच मिटतात.

त्याने मिटलं नाही तर बूच काढा, तोंडाला जाळीचं कापड बांधा, सिलिका जेलची छोटी पुरचुंडी दोऱ्याने गळ्यात सोडा आणि दोन आठवडे विसरा. पुरचुंडी दर तीन-चार दिवसांनी बदला. सिलिका जेल दमट हवेत आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकं पाणी ओढतं, मग थकतं. १२० अंशांच्या आसपास दोन-तीन तास तापवलं की पुन्हा कामाला लागतं. लाकूड पार सुकवायच्या भरीस पडू नका. फार सुकलं तर कठडे वाकतात, डिंकाचे सांधे सुटतात, आणि मग चिमटा घेऊन पुन्हा आत उतरावं लागतं.

लाकडाला लागू तेच कागदाला. हॅरी एंग नावाचे अमेरिकन शिक्षक आणि जादूगार होते. १९९६ मध्ये वारले. त्यांनी बाटल्यांमध्ये पत्त्यांचे अख्खे जोड, कुलपं, टेनिसचे चेंडू, जाड दोरखंडाच्या गाठी घातल्या. या प्रकाराला ‘अशक्य बाटली’ म्हणतात. तसं काही करत असाल तर लक्षात ठेवा: पत्त्यांच्या जोडाचं वजन जहाजापेक्षा कितीतरी जास्त, तेव्हा पाणीही जास्त. शिवाय रबर. रबरातल्या गंधकाने शेजारची चांदी काळी पडते, म्हणून चेंडू आणि चांदीचं नाणं एका बाटलीत ठेवू नका.

तेल: बहुतेक धुकं इथलं असतं

आता ते आत ओढलं गेलेलं बूच.

बाटलीतला समुद्र परंपरेने लांबीचा करतात: खडूची भुकटी आणि जवसाचं तेल, त्यात निळा-हिरवा रंग. खिडकीच्या काचा बसवायला असते तीच. एकोणिसाव्या शतकात स्वच्छ काचेच्या बाटल्या मुबलक झाल्या आणि शिडांच्या जहाजांवरच्या खलाशांनी हा छंद उचलला, तेव्हा तेलरंग, लाकडाचे तुकडे, दोरा हे सामान जहाजावर हाताशीच होतं. परंपरा तिथून आली, आणि लांबीला अजूनही तोड नाही. लाटांना जी धार ती देते ती दुसरं काही देत नाही, हे माझं मत.

पण जवसाचं तेल पाण्यासारखं उडून जाऊन सुकत नाही. ते हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. एका बाटलीच्या समुद्रात साधारण २० ग्रॅम तेल जातं असं धरू. तेल पुरतं घट्ट व्हायला आपल्या वजनाच्या निदान दहाव्या हिश्श्याइतका ऑक्सिजन पितं, म्हणजे २ ग्रॅम. पाऊण लिटर हवेत ऑक्सिजन किती? ०.२ ग्रॅम. दहा पट तूट. ओला समुद्र कोंडला तर तो आतला सगळा ऑक्सिजन पिऊन टाकतो आणि तरी ओलाच राहतो. हवेचा पाचवा हिस्सा कमी झाला की आतला दाब उतरतो आणि बूच आत ओढलं जातं. माझी लाख तडकली ती त्यामुळे. चार वेळा काच पुसत बसलो, आणि बूच पहिल्यापासून सांगत होतं.

सुकताना तेल गप्प बसत नाही. त्यातून उडणारे पदार्थ निघतात, तेलरंगाच्या खोलीत येतो तो वास त्यांचाच. त्याशिवाय तेलातली मोकळी मेदाम्लं सावकाश वर चढून समोरच्या काचेवर बसतात. काचेच्या चौकटीत लावलेल्या जुन्या तैलचित्रांत हे नेहमी दिसतं: काच काढून काळ्या कापडावर धरली तर चित्राची फिकट सावली काचेवर उमटलेली असते. त्या सावलीत मुख्यतः पामिटिक आम्ल सापडतं. आपल्या बाटलीत हेच घडतं, फक्त काच चारी बाजूंनी असते आणि काढून पुसता येत नाही.

लांबी टाळून मुलांची रंगीत माती वापरली तर सुटका होईल असं वाटतं. होत नाही. विल्यम हार्बट यांनी १८९७ मध्ये इंग्लंडमध्ये बनवलेल्या प्लॅस्टिसीनच्या जातीची माती म्हणजे चुनखडी, पेट्रोलियम जेली आणि स्टिअरिक आम्लासारखी मेदाम्लं. ती कधी सुकतच नाही, म्हणून पापुद्रा द्यायचंही कधी थांबत नाही. उन्हात ठेवली तर अधिकच.

ओळख सोपी आहे. उबेने हलत नाही, तिरप्या उजेडात किंचित इंद्रधनुषी झाक, आणि कोरड्या कापसाने पुसलं तर निघण्याऐवजी पसरतं.

काढायचं कसं? बूच काढून आधी समुद्र सुकू द्या. ओला असताना पुसणं म्हणजे गळक्या नळाखाली फरशी पुसणं. मत्स्यपेटीचा लहान हवापंप असेल तर त्याची नळी बाटलीच्या बुडापर्यंत सोडा आणि रोज काही तास मंद हवा खेळवा. नुसतं उघडं तोंड पुरत नाही. अरुंद गळ्यातून हवा फार सावकाश बदलते. माझ्या त्या पहिल्या समुद्राला पंपाने पाच आठवडे लागले.

मग पुसणी. कडक तारेला उष्णतेने आवळणारी प्लॅस्टिकची नळी चढवा, म्हणजे काचेला ओरखडा जाणार नाही. टोकाला चष्म्याच्या कापडाचा चौकोन दोऱ्याने घट्ट बांधा. कापूस नको, त्याचे तंतू दोऱ्यांत अडकतात आणि जन्मभर दिसतात. कापडाला आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब, तोही टिपून घेतलेला. ठिबकलं तर ॲक्रिलिक रंग मऊ पडतो आणि चपड्याचं पॉलिश विरघळतं. ॲसिटोनचं नावही काढू नका. खिडकी उघडी, जवळपास ज्योत नाही. एक फेरी ओल्या कापडाची, लगेच दुसरी कोरड्याची, आणि दर फेरीला कापड नवं.

शिडांमागच्या काचेपर्यंत तार पोचत नाही तिथे लोहचुंबक. मत्स्यपेटीची काच पुसतात तसा: फेल्टमध्ये गुंडाळलेला छोटा चुंबक आत, दुसरा बाहेर, आणि बाहेरचा फिरवत राहायचं. कमी ताकदीचा घ्या. मी हौसेने जबरदस्त ताकदीचा घेतला होता. तो नाळेजवळून, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाजवळून, जाताना लोखंडी तारेचा नांगर उपटून घेऊन आला. तेव्हापासून माझ्या जहाजांचे नांगर तांब्याचे असतात.

झटपट डिंक

डोलकाठ्या बुंध्याशी बिजागरीने आडव्या केलेल्या असतात. जहाज गळ्यातून आत गेलं की नाळेपुढच्या काठीतून बाहेर काढलेले दोरे ओढायचे, काठ्या उभ्या राहतात, दोरे तिथेच चिकटवायचे आणि कापायचे. या शेवटच्या क्षणी सगळ्यांचे हात थरथरत असतात, आणि सगळे झटपट डिंक म्हणजे सायनोॲक्रिलेट उचलतात. थेंब मोठा पडतो. मग दुसऱ्या दिवशी नाळेसमोरची काच दहिवर पडल्यासारखी पांढरी.

हा डिंक घट्ट होताना त्याचा काही भाग वाफ होऊन उडतो, आणि ती वाफ ओल किंवा चरबी असेल तिथे बसून जागीच प्लॅस्टिक बनते. गुन्हे तपासणारे हीच युक्ती ठसे उठवायला वापरतात: बंद पेटीत डिंक तापवला की वस्तूवरचे बोटांचे ठसे पांढरे उमटतात. आपली बाटली ही तशीच पेटी. गळ्यात बोट घातलं असेल तर तुमचा ठसा तिथे सुबक उमटलेला सापडेल. मला सापडला आहे.

उपाय वाईट आहे, सरळ सांगतो. हा पांढरेपणा अल्कोहोलने जात नाही, आणि ज्याने जातो ते ॲसिटोन जहाजाला लागलं तर रंग घेऊन जातं. मऊ लाकडाच्या काडीने खरवडून थोडा कमी होतो. फार दाट नसेल तर राहू द्या. समुद्रावर थोडं धुकं शोभतं. पुढच्या खेपेला तिथे पांढरा लाकडी डिंक किंवा इपॉक्सी वापरा. दोरा ताणलेला ठेवायला बाहेरच्या टोकाला कपड्याचा चिमटा अडकवून २४ तास धीर धरा. झटपट डिंकच हवा असेल तर कमी वासाचा, कमी उडणारा प्रकार मिळतो, तो सुईच्या टोकावर घेऊन लावायचा.

आम्ल

हा प्रकार उशिरा दिसतो, म्हणून त्याच्याकडे कोणाचं लक्ष नसतं. बाटली वर्षभर चांगली राहते. मग शिशाच्या तोफा पांढरट होतात, पितळी कडी हिरवी पडते, आणि काचेवर बारीक भुकटीसारखी साय धरते.

गुन्हेगार बहुधा दोनच. बुचाभोवती लावलेलं सिलिकोन, ज्याला लावताना व्हिनेगरचा वास येतो. तो ॲसेटिक आम्लाचाच असतो आणि बंद बाटलीत तो बाहेर कमी, आत जास्त जातो. दुसरा गुन्हेगार ओक किंवा चेस्टनटचं लाकूड. दिसायला देखणं, पण वर्षानुवर्षं तेच आम्ल सोडत राहतं. शंख-शिंपले जमवणाऱ्यांना हे जुनं ठाऊक आहे. १८९९ मध्ये बाइन या इंग्रज संग्राहकाने कपाटातल्या शिंपल्यांवरच्या पांढऱ्या बुरशीसारख्या थराचं वर्णन केलं. त्याला ते जिवाणूंचं काम वाटलं. पुढे कळलं की लाकडातून निघणाऱ्या आम्लाने शिंपल्यातला चुना खाल्ला जात होता. बाटलीत किनारा करताना आपण शिंपल्यांचे तुकडे हौसेने पसरतो, आणि खाली ओकची फळी. नको.

सिलिकोन लावायचंच असेल तर बिनवासाचं, उदासीन प्रकारचं घ्या. शिशाऐवजी कथील किंवा रंगवलेलं लाकूड.

काच

यावर थोडक्यात, कारण यात दुरुस्ती फारशी नाही. जड, म्हणजे क्षारयुक्त पाण्याने धुतलेल्या बाटलीत क्षाराचा थर असतो. तो ओला असताना अदृश्य, सुकला की पांढरा. व्हिनेगरने तासाभरात जातो, मग शुद्ध पाण्याने खळखळून धुवायची. व्हिनेगरनेही गेला नाही तर काचच खाल्ली गेली आहे, बहुधा तिखट साबणाने किंवा वर्षानुवर्षं ओल धरून राहिल्याने. काचेतला सोडा पाण्यात उतरतो आणि पृष्ठभाग खरबरीत होतो. ती बाटली फुलांना ठेवा. म्हणून रिकामी बाटली धुऊन, पूर्ण सुकवून, काळ्या कापडासमोर धरून पाहिल्याशिवाय आत काडीही घालू नये. जहाज आत गेल्यावर हे कळलं तर बाटली फोडण्याखेरीज मार्ग उरत नाही.

पुन्हा होऊ नये म्हणून मी काय करतो

जहाज आत जाण्याच्या किती आधी कोण थांबलं, यावर सगळं ठरतं. मध्य युरोपात जहाजांच्याही आधी ज्या बाटल्या बनत, ज्यांत खाणीचे मजले, खाणकामगार, येशूच्या क्रुसाचा देखावा असे, त्यांना जर्मनमध्ये ‘धीराच्या बाटल्या’ अशा अर्थाचा शब्द आहे. अशी खाणीची एक बाटली १७१९ मध्ये मातियास बुखिंगर यांनी केली. १६७४ साली जर्मनीत जन्मलेल्या या माणसाला जन्मतः हातपाय नव्हते; होते ते फक्त खुंट. आपण त्या शब्दातला धीर चिमट्याने तुकडा बसवण्याचा समजतो. माझ्या मते तो नंतर हात न लावता बसण्याचा आहे. तुकडे मी दोन रविवारांत बसवतो. थांबायला तीन महिने लागतात.

समुद्र आधी. लांबीचा थर एका वेळी तीन-चार मिलिमीटर, त्यावर दुसरा थर आठवड्याने. मग बाटली उघडी, जाळी बांधून, पंपाची हवा देत, निदान सहा आठवडे. त्याच काळात बाहेर जहाज रंगवून होतं, आणि शेवटच्या रंगानंतर तीन आठवडे तेही उघड्यावर. ॲक्रिलिक हाताला तासाभरात कोरडा लागतो, पण त्यातली ग्लायकॉलं, म्हणजे सावकाश उडणारी रसायनं, आठवडे निघत राहतात. जहाज चढवल्यावर, डिंक लागल्यावर, आणखी दोन आठवडे.

नंतर चाचणीचं बूच. साध्या बुचाला पातळ प्लॅस्टिकचा कागद गुंडाळून हवाबंद लावायचं, आणि मुद्दाम वाईट वागवायचं: दिवसा खिडकीत, रात्री गार जागी, दहा दिवस. धुकं यायचं असेल तर आताच येऊ दे. आलं तर कोणतं ते वरच्या प्रश्नांनी ठरवा आणि मागे जा. दहा दिवस काच स्वच्छ राहिली तरच खरं बूच. या एका पायरीने माझे परत उघडायचे प्रसंग जवळपास संपले.

नवं सामान वापरायच्या आधी बरणीची चाचणी करतो. संग्रहालयांत हिला ऑडी चाचणी म्हणतात. ब्रिटिश म्युझियममध्ये अँड्र्यू ऑडी यांनी १९७३ मध्ये ती मांडली. चांदी, शिसं आणि तांबं यांचे घासलेले तुकडे, शेजारी तपासायचा पदार्थ आणि थोडं पाणी, सगळं बंद करून ६० अंशांना २८ दिवस. धातू काळवंडले की तो पदार्थ बाद. घरी एवढी सोय नसते. मी घट्ट झाकणाच्या बरणीत माती, लाकूड किंवा डिंकाचा वाळलेला थेंब, एक शिशाचा तुकडा आणि ओल्या कापसाची गोळी ठेवतो आणि महिनाभर उबदार फळीवर सोडतो. संग्रहालयाच्या दर्जाचं नाही, पण व्हिनेगरवालं सिलिकोन दोन आठवड्यांत पकडलं जातं, आणि बरणीच्या काचेवर पापुद्रा आला तर तोही दिसतो.

खऱ्या बुचावर लाख ओतावी का, यावर मतभेद आहेत. जुन्या खलाशी बाटल्यांवर लाख असते, वर दोरीची गोंड्यासारखी गाठ, आणि ते दिसतं छान. मी आता लाख फक्त कडेने लावतो. बुचाला आतून वाटीसारखं कोरतो, त्यात दोन ग्रॅम सिलिका जेल, वर जाळी, आणि मधून दोन मिलिमीटरचं आरपार छिद्र, ज्यात कापूस ठासलेला. धूळ आत जात नाही, दाब साठत नाही, वाफेला वाट मिळते. शुद्धतावादी नाक मुरडतात. मुरडू देत; त्यांच्या काचा मी पाहिल्या आहेत.

घरात जुनी बाटली असेल तर

आजोबा-पणजोबांच्या काळातली किंवा जुन्या बाजारातून आलेली बाटली धुरकट असेल तर वरचं काहीही करू नका. ज्यावर साल लिहिलं आहे अशा सर्वांत जुन्या जहाज-बाटल्यांपैकी एक १७८४ ची, जोनी बिओंदो यांनी केलेली, जर्मनीत ल्यूबेकच्या संग्रहालयात आहे. इतक्या वयाच्या वस्तूंतलं बूच, लाख, आतला दोरा हे सगळं पुरावा असतं, आणि बूच ओढताना कोरडा दोरा हलला की डोलकाठ्या कोसळतात. जुन्या तेलरंगांत आणि लांबीत शिशाचा पांढरा रंग हमखास मिसळलेला असे, तेव्हा आतली भुकटी झटकायची, फुंकायची किंवा हुंगायची नाही. वासाची चाचणी फक्त स्वतः केलेल्या बाटलीसाठी. ती बाटली उन्हापासून आणि स्वयंपाकघराच्या वाफेपासून दूर, आडवी, आधार देऊन ठेवा. चारी बाजूंनी फोटो काढा आणि दर सहा महिन्यांनी त्याच उजेडात पुन्हा काढा. पटल वाढत नसेल तर ते थांबलेलं आहे. वाढत असेल तर फोटो घेऊन काचेचं जतन करणाऱ्या संग्रहालयातल्या माणसाकडे जा, आणि जाताना बूच उघडू नका.